मातीतले बळ : गामा पहिलवान

पाठाची ओळख

आपले शरीर बलवान व निरोगी असावे, ही इच्छा सर्वांचीच असते. पण बळ मिळते कशाने? महागड्या साधनांनी, नवनव्या शक्तिवर्धक पेयांनी, की रोजच्या साध्या मेहनतीने? हा प्रश्न केवळ आजचा नाही. शंभर वर्षांपूर्वीही तो लोकांपुढे होता. कुस्तीच्या क्षेत्रात अजिंक्य ठरलेल्या गामा पहिलवानांनी आपल्या जीवनातून त्याचे कसे उत्तर दिले, ते या पाठात आपण वाचणार आहोत.

मूळ पाठ

भारतात मल्लविद्येची परंपरा फार प्राचीन आहे. महाभारतातील भीम आणि जरासंध यांचे मल्लयुद्ध सर्वांच्या परिचयाचे आहे. मध्ययुगात या विद्येचा इराणी परंपरेतील कुस्तीशी संगम झाला आणि आज आपण जिला कुस्ती म्हणतो ती घडत गेली. पंजाबपासून कोल्हापूरपर्यंत गावोगावी तालमी उभ्या राहिल्या. सूर्योदयापूर्वी उठावे, लंगोट कसावा, वस्तादांच्या पाया पडून तांबड्या मातीत उतरावे आणि घामाने ती माती भिजवावी, हाच या तालमींचा नित्यक्रम. या परंपरेने विसाव्या शतकाला दिलेला सर्वांत तेजस्वी मल्ल म्हणजे गामा पहिलवान.

गामांचे मूळ नाव गुलाम मुहम्मद बक्ष. पंजाबातील अमृतसर परिसरात एका काश्मिरी मुस्लिम घराण्यात १८७८ साली त्यांचा जन्म झाला, असे मानले जाते. घराण्यात कुस्ती पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. वडील मुहम्मद अझीझ बक्ष हे स्वतः नामांकित मल्ल होते आणि बुंदेलखंडातील दतिया संस्थानाच्या दरबारात त्यांना आश्रय होता. गामा पाच-सहा वर्षांचा असतानाच वडिलांचे छत्र हरपले. आजोबा नून पहिलवान यांनी काही काळ त्याचा सांभाळ केला. तेही निवर्तल्यावर मामा इदा पहिलवान यांनी त्याला आपल्या पंखाखाली घेतले. पोरक्या झालेल्या या मुलाला वडिलांसारखाच मल्ल करायचे, हा त्यांचा निश्चय होता. परंतु त्यांनी त्याला लगेच कुस्तीच्या डावपेचांत गुंतवले नाही. आधी पाया, मग इमारत, हे तालमीचे तत्त्व त्यांनी पाळले. जोर आणि बैठका, एवढाच धडा तो मुलगा वर्षानुवर्षे गिरवत राहिला.

या धड्याचे फळ १८८८ साली दिसून आले. जोधपूरच्या महाराजांनी बैठकांची एक मोठी स्पर्धा भरवली होती. देशाच्या निरनिराळ्या भागांतून चारशेहून अधिक पहिलवान तेथे जमले होते. बैठका सुरू झाल्या. तासामागून तास गेले. मोठमोठे नामवंत मल्ल थकून बाजूला होऊ लागले. अखेर जेमतेम पंधरा जण उरले आणि त्यांत दहा वर्षांचा गामा होता! महाराजांनी स्पर्धा थांबवली आणि त्याचे कोवळे वय लक्षात घेऊन त्यालाच विजेता ठरवले. या श्रमानंतर आठवडाभर त्याला अंथरुणावरून उठता आले नाही, असेही सांगितले जाते. कौतुकाबरोबरच शरीराच्या मर्यादेची जाणीवही त्या लहान वयातच त्याला झाली असावी. या पराक्रमानंतर दतियाच्या महाराजांनी त्याला दरबाराच्या आश्रयाखाली घेतले. आता त्याच्या शिक्षणाला आणि खुराकाला कशाचीही उणीव राहिली नाही.

गामांची मेहनत हा पुढे दंतकथेचा विषय झाला. ऐन उमेदीत ते दररोज तीन हजार जोर आणि पाच हजार बैठका काढत, असे त्यांच्याविषयीच्या बहुतेक वृत्तांतांत आढळते. आखाड्यात एकामागून एक चाळीस पहिलवानांशी ते झोंबत, असेही म्हणतात. या आकड्यांत थोडीफार अतिशयोक्ती असेल, असे धरले तरी एक गोष्ट निर्विवाद आहे. त्यांच्या व्यायामात गुंतागुंतीचे असे काहीच नव्हते. जोरांमुळे हात, खांदे, छाती आणि पाठ यांना बळकटी येते व कणा लवचिक राहतो. बैठकांमुळे मांड्या आणि पोटऱ्या भरतात, तसाच दमसासही वाढतो. दोन्हींसाठी लागते ती केवळ स्वतःच्या शरीराची आणि पायाखालच्या जमिनीची साथ. याच्या जोडीला आखाड्यातील माती फावड्याने उकरणे, मुद्गल फिरवणे आणि गळ्यात जड हसली अडकवून बैठका काढणे, हेही असे. हसली म्हणजे मध्ये भोक असलेली, वजनदार गोल चकती. गामा वापरत असलेली सुमारे पंच्याण्णव किलो वजनाची अशी चकती पतियाळा येथील राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या संग्रहालयात जतन करण्यात आली आहे.

त्यांच्या बळाची आणखी एक खूण बडोद्याच्या संग्रहालयात दाखवली जाते. तेथील एक प्रचंड दगड गामांनी २३ डिसेंबर १९०२ रोजी उचलल्याची नोंद त्यावर आहे आणि त्याचे वजन बाराशे किलो असल्याचे सांगतात. मानवी शरीराची मर्यादा ध्यानात घेता या नोंदीविषयी शंका वाटणे साहजिक आहे. मात्र गामांचे मोठेपण अशा एखाद्या चमत्कारावर उभे नाही. एका दिवशी केलेल्या अचाट कृत्यापेक्षा हजारो दिवस न चुकता केलेल्या साध्या कृतीने ते घडले होते.

मेहनतीसारखाच त्यांचा खुराकही प्रसिद्ध होता. दूध, तूप, बदाम, मांसाचे सूप, कोंबडी आणि फळे हे त्याचे मुख्य घटक. दुधाचे प्रमाण दिवसाला दहा लिटरपर्यंत असल्याचे सांगतात. निरनिराळ्या वृत्तांतांत हे आकडे बदलतात. बदाम भिजवून, वाटून ते दुधात मिसळून घेण्याची पद्धत तर उत्तर भारतातील सर्वच आखाड्यांत होती. कोल्हापूरकडच्या तालमींतील थंडाई ही त्याच जातीची. येथे दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली ही की, पदार्थ घरगुती असले, तरी एवढा खुराक सामान्य माणसाला परवडणारा नव्हता. त्यामागे राजाश्रय होता. दुसरी ही की, तो पचवण्यासाठी पहाटेपासूनची अफाट मेहनत होती. श्रमाच्या प्रमाणात आहार, हा तालमीचा हिशेब होता. श्रम वगळून नुसता आहार घेणाऱ्याला त्याच दुधा-तुपाने व्याधी जडली असती.

याच काळात युरोपात बलसंवर्धनाची एक नवी लाट उसळली होती. कारखाने आणि कचेऱ्या यांच्यामुळे शहरांतील लोकांचे शारीरिक श्रम कमी झाले होते आणि शरीर कमावण्याचे आकर्षण वाढले होते. या लाटेचा नायक होता प्रशियात जन्मलेला युजेन सँडो. रेखीव स्नायूंचे प्रदर्शन करून त्याने रंगभूमी गाजवली. १८९७ साली त्याने लंडनमध्ये व्यायामसंस्था काढली. मुठीत दाबायच्या स्प्रिंगा बसवलेले डंबेल्स, ताणायची साधने, टपालाने पाठवले जाणारे व्यायामाचे धडे असा त्याचा मोठा व्यापार उभा राहिला. पुढे त्याच्या नावाने शक्तिवर्धक कोकोही बाजारात आला. १९०४-०५ च्या सुमारास तो भारतातही येऊन गेला आणि येथील सुशिक्षित तरुणांवर त्याची मोठी छाप पडली. बाह्या नसलेल्या गंजिफ्रॉकाला आपल्याकडे पडलेले ‘सँडो’ हे नाव त्याचीच आठवण आहे.

सँडोवर अन्याय करण्याचे कारण नाही. घरात बसून राहणाऱ्या असंख्य लोकांना त्याने व्यायामाची गोडी लावली. तो स्वतः खराखुरा बलवान होता आणि त्याचे बळ जड वजने उचलण्याच्या दीर्घ सरावातून आले होते. परंतु लोकांनी विकत घेतले ते बहुधा हलके डंबेल्स आणि कोकोचे डबे. साधन विकत घेतले म्हणजे बळही मिळाले, असा समज नव्या जाहिरातींनी पसरवला. पहिल्या महायुद्धाच्या काळात ती कोको कंपनी बुडाली. एकाची जागा दुसऱ्या साधनाने घेतली, पण तो समज मात्र मागे राहिला.

अशा वातावरणात १९१० साली गामा लंडनला पोहोचले. बंगालमधील धनिक शरदकुमार मित्र यांनी त्यांच्या प्रवासाचा भार उचलला होता. धाकटे बंधू इमामबक्ष हेही बरोबर होते. तेथे जागतिक दर्जाच्या कुस्त्या होणार होत्या. पण गामांना त्यांत प्रवेश नाकारण्यात आला. त्यांची उंची जेमतेम पावणेसहा फुटांच्या आत, वजन सुमारे नव्वद किलो. युरोपातील धिप्पाड मल्लांसमोर हा गृहस्थ टिकणार कसा, अशी संयोजकांना शंका वाटली. तेव्हा गामांनी एका नाट्यगृहातून उघड आव्हान दिले. कोणत्याही वजनाच्या कोणत्याही तीन मल्लांना अर्ध्या तासात चीत करण्याची त्यांनी तयारी दाखवली. हा प्रसिद्धीचा डाव असावा असे समजून प्रारंभी कोणी पुढे आले नाही.

अखेर बेंजामिन रोलर हा अमेरिकन मल्ल पुढे आला. तो पेशाने डॉक्टर होता आणि अनुभवी कुस्तीगीर म्हणून त्याचा लौकिक होता. गामांनी त्याला पहिल्या वेळी एक मिनिट चाळीस सेकंदांत आणि दुसऱ्या वेळी नऊ मिनिटे दहा सेकंदांत अस्मान दाखवले. इमामबक्ष यांनीही स्वित्झर्लंडच्या जॉन लेम याला पराभूत केले. आता या भारतीय मल्लांकडे दुर्लक्ष करणे कोणालाच शक्य नव्हते.

१० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा जगप्रसिद्ध मल्ल स्टॅनिस्लॉस झिबिस्को याच्याशी गामांची लढत ठरली. अडीचशे पौंडांचे बक्षीस आणि ‘जॉन बुल’ पट्टा पणाला लागला होता. झिबिस्को गामांपेक्षा कितीतरी वजनदार होता. पण कुस्ती सुरू झाल्यावर मिनिटभरातच गामांनी त्याला खाली घेतले. त्यानंतर झिबिस्कोने जे केले, ते पाहून प्रेक्षक अचंबित झाले. तो गादीला चिकटून पालथा पडून राहिला आणि उठलाच नाही. सुमारे अडीच तासांहून अधिक काळ गामा त्याला उलथवण्याचा प्रयत्न करत राहिले. सवयीची माती येथे नव्हती, पायांखाली गादी होती, नियम परके होते. तरीही त्यांचा दम तुटला नाही. अखेर कुस्ती बरोबरीत सोडवण्यात आली आणि १७ सप्टेंबरला पुन्हा लढत ठरली. त्या दिवशी झिबिस्को मैदानावर आलाच नाही. गामांना विजयी घोषित करून पट्टा बहाल करण्यात आला. अडीच तास न थकता झुंजण्याचे ते बळ पहाटेच्या हजारो बैठकांतून आले होते.

भारतात परतल्यावर गामांपुढे एक जुने आव्हान उभे होते. गुजरांवालाचा रहीमबक्ष सुलतानीवाला हा जवळजवळ सात फूट उंचीचा मल्ल. गामा तरुण असताना दोघांची लाहोरला कुस्ती झाली होती आणि ती बरोबरीत सुटली होती. आता अलाहाबाद येथे झालेल्या लढतीत गामांनी त्याच्यावर मात केली आणि ‘रुस्तम-ए-हिंद’ हा किताब मिळवला. त्यांच्या लंडनमधील विजयामुळे देशभर कुस्तीला नवे चैतन्य लाभले. परकीय सत्तेखाली दबलेल्या समाजाला आपल्या मातीतला मल्ल कोणापेक्षाही उणा नाही, हे पाहून स्वाभिमान वाटला. महाराष्ट्रात राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला मोठे प्रोत्साहन दिले होते. १९१२ साली कोल्हापुरात त्यांनी उभारलेल्या खासबाग मैदानावर इमामबक्ष यांच्यासारखे पंजाबी मल्लही येऊन खेळले.

पुढे गामा पतियाळाच्या दरबारी होते. तेथे जानेवारी १९२८ मध्ये झिबिस्को पुन्हा त्यांच्यासमोर उभा राहिला. दोघांचेही वय पन्नाशीच्या घरात होते. महाराजा भूपिंदरसिंग यांनी भव्य मैदान तयार करवले होते आणि हजारो लोक लांबलांबून आले होते. अठरा वर्षांपूर्वी अडीच तासांत न सुटलेली कुस्ती या वेळी एका मिनिटाच्या आतच निकाली झाली. झिबिस्को चीत झाला. पराभवानंतर त्यानेही मोठ्या मनाने गामांच्या सामर्थ्याची स्तुती केली. पन्नाशीतही गामांचे शरीर तरुणासारखे चपळ होते, कारण विजयानंतरही त्यांनी पहाटेची मेहनत सोडली नव्हती.

मात्र बळाची खरी कसोटी आखाड्याबाहेर लागते. १९४७ साली देशाची फाळणी झाली. गामा लाहोरला राहत होते. शेजारी शेजाऱ्याचा वैरी व्हावा, असा तो भीषण काळ होता. गामांच्या वस्तीत अनेक हिंदू कुटुंबे राहत होती. त्यांच्यावर जमाव चालून आला, तेव्हा सत्तरीकडे झुकलेला हा मल्ल आपल्या साथीदारांसह आडवा उभा राहिला, असे सांगितले जाते. जमावाला मागे हटावे लागले. पुढे तेथे राहणे अशक्य झाल्यावर त्या कुटुंबांना त्यांनी स्वतः सीमेपर्यंत सुखरूप पोहोचवले आणि काही दिवस पुरेल एवढी शिधासामग्रीही दिली. आयुष्यभर कमावलेल्या बळाचा याहून मोठा उपयोग तो कोणता?

गामांचे अखेरचे दिवस कष्टात गेले. संस्थाने लयाला गेली होती, त्यामुळे आश्रयही संपला होता. त्यांचे पुत्र अकालीच मृत्युमुखी पडले होते. दमा आणि हृदयविकार यांनी त्यांना ग्रासले. उपचारांसाठी पैसा उरला नाही. पाकिस्तान सरकारने त्यांना जमीन व मासिक साहाय्य दिले. भारतातील उद्योगपती घनश्यामदास बिर्ला यांना कुस्तीची आवड होती. त्यांनीही सीमेपलीकडच्या या मल्लाला आर्थिक मदत पाठवली. २३ मे १९६० रोजी लाहोर येथे गामांचे निधन झाले. पन्नास वर्षांच्या कारकिर्दीत त्यांचा पराभव झाल्याची नोंद नाही.

गामांच्या मृत्यूनंतरही त्यांची व्यायामपद्धती जिवंत राहिली. हाँगकाँगमध्ये वाढलेला प्रसिद्ध युद्धकलानिपुण ब्रूस ली याने त्यांच्याविषयी वाचून जोर-बैठकांचे प्रकार आपल्या सरावात घेतले होते. आज व्यायामशास्त्र फार पुढे गेले आहे. पण हळूहळू वाढत जाणारा भार, नियमितपणा, पुरेशी प्रथिने आणि पुरेशी विश्रांती यांनीच बळ वाढते, हे त्या शास्त्राचेही सांगणे आहे. इदा पहिलवानांनी पोरक्या भाच्याला शिकवलेला धडा याहून फारसा वेगळा नव्हता.

म्हणून गामांचे अनुकरण करायचे ते विचारपूर्वक. त्यांच्या बैठकांची संख्या किंवा दुधाचे माप आपल्यासाठी नाही. यंत्रे वाईट नाहीत आणि डब्यातील चूर्णे सर्वच निरुपयोगी नाहीत. पण ज्याला विसावाच हवा आहे, त्याला कोणतेही यंत्र बलवान करत नाही. आणि ज्याला मेहनतीची ओढ आहे, त्याला अंगणातील दोन हात जागा पुरते. रोज थोडे, पण न चुकता. साधे, पण मनापासून. आणि कमावलेले बळ दुर्बळाच्या रक्षणासाठी, हेच गामांच्या जीवनाचे सार आहे.

स्वाध्याय

१. इदा पहिलवानांनी गामाला डावपेच शिकवण्याआधी जोर-बैठकांवर भर का दिला असावा?
२. खुराक आणि मेहनत यांचा संबंध पाठाच्या आधारे स्पष्ट करा.
३. सँडोच्या कार्याची चांगली बाजू आणि त्याच्या व्यापारातून पसरलेला चुकीचा समज, दोन्ही थोडक्यात सांगा.
४. १९१० आणि १९२८ सालच्या झिबिस्कोबरोबरच्या लढतींची तुलना करा.
५. ‘बळाची खरी कसोटी आखाड्याबाहेर लागते’ हे विधान गामांच्या जीवनातील प्रसंगाच्या आधारे पटवून द्या.
६. तुमच्या परिसरात व्यायाम करणाऱ्या एखाद्या व्यक्तीची दिनचर्या व आहार यांची माहिती मिळवा आणि ती आठ-दहा ओळींत लिहा.